दुपारी पेंगणारी मशीन: वरुड पट्ट्यातल्या एका संत्रा ग्रेडरचं प्रकरण

अमरावती जिल्ह्यातल्या वरुडकडे मृग बहाराचा संत्रा फेब्रुवारीत तोडणीला लागतो आणि एप्रिलमध्ये बागा रिकाम्या होतात. हे प्रकरण त्या हंगामाच्या शेवटच्या तीन आठवड्यांतलं. शेंदुरजनाघाटच्या बाजूला एका बागायतदार दादांचं टिनाचं शेड आहे. संत्रा तिथे येतो, धुतला जातो, वॅक्सिंग होतं (सालीवर मेणाचा पातळ थर), गरम हवेत वाळतो, कॅमेऱ्याखालून जातो आणि आकार-रंगाप्रमाणे कॅरेटमध्ये पडतो. पट्टा, रोलर, मोटारी हे काम एका वर्कशॉपचं. कॅमेरा, बोर्ड आणि सॉफ्टवेअर आमचं. आम्ही म्हणजे दोघंच, मी आणि माझा एक धाकटा सहकारी.

दादांचा फोन आला तो तक्रारीचाच. "चुरी मोठ्या मालात जाऊन राहिली ना बावा. व्यापारी कॅरेट उलटवून पाहते. मागच्या साली याच मशीननं एप्रिल काढला, तवा काही झालं नाही. तुम्ही फेब्रुवारीत काय टाकलं तिच्यात?"

चुरी म्हणजे बारीक फळ. फेब्रुवारीत आम्ही सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती टाकली होती. ती जुनीपेक्षा वेगवान होती, आमच्याकडे तसे आकडेही होते, आणि रोज रात्री आपोआप चालणाऱ्या चाचण्या हिरव्या येत होत्या. तरी शेडमध्ये दुपारी माल मिसळत होता. चाचणी खोटं बोलत नव्हती आणि दादाही बोलत नव्हते. त्या दोघांच्या मधल्या जागेत जे होतं, ते या लेखात आहे.

मशीनला किती वेळ असतो

पट्ट्यावरून सेकंदाला पाच फळं जातात, म्हणजे एका फळामागे २०० मिलिसेकंद. रोलरवर फळ गोल फिरतं आणि त्याचे तीन फोटो निघतात. आधी फोटोंची साफसफाई होते: पार्श्वभूमी काढणं, रंग दुरुस्त करणं, फळाची कड शोधणं. मग निर्णय: आकार कोणता, रंग कसा, सालीवर कोळशीचे काळे डाग आहेत का. कॅमेऱ्यापासून, फळ योग्य कॅरेटकडे ढकलणाऱ्या पहिल्या फाटकापर्यंत फळ पोचायला जो वेळ लागतो, त्यातून आवश्यक कामं वजा केली की साधारण एक सेकंद शिल्लक राहतो.

हा शिल्लक सेकंद फार फसवा आहे. एखाद्या फळाला २०० ऐवजी ३०० मिलिसेकंद लागले तरी काही बिघडत नाही, पुढची दोन-तीन फळं लवकर आटोपली की भरपाई होते. पण प्रत्येक फळाला सलग २२० लागू लागले तर दर फळामागे २० मिलिसेकंदांची उधारी चढते. पन्नास फळांत एक सेकंद संपला, म्हणजे अवघ्या ११ सेकंदांत. त्यानंतर फाटक उघडतं ते मागच्या फळासाठी, आणि ढकललं जातं पुढचं. चुरी मोठ्या मालात जाते ती अशी. पट्ट्यावर मध्ये रिकामी जागा आली की उधारी फिटते, मशीन पुन्हा शहाण्यासारखी वागते. म्हणून बिघाड झटक्याझटक्याने येत होता, आणि आम्ही पाहायला उभे राहिलो की नेमकी ती नीट चालायची.

सहा कोअर, पण सारखे नाहीत

बोर्डावर आरके३३९९ ही चिप आहे. तिच्यात चार कॉर्टेक्स-ए५३ आणि दोन कॉर्टेक्स-ए७२ असे सहा कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे सहा भाग, शिवाय माली-टी८६० हा ग्राफिक्स प्रोसेसर. ए५३ धाकटे: वीज कमी खातात, कामही हळू. ए७२ थोरले: भराभर काम, भराभर वीज. हे कोअर आखणाऱ्या आर्म कंपनीने ही थोरल्या-धाकट्यांची रचना ऑक्टोबर २०११ मध्ये जाहीर केली. मोबाइलमध्ये ती केव्हाच सरावाची झाली, २०२१ मध्ये इंटेलनेही आल्डर लेकमधून तीच वाट धरली. सगळे कोअर एकच सूचनासंच चालवतात, त्यामुळे प्रोग्रामला आपण कुठे आहोत ते कळत नाही. कळत नाही, पण फरक पडतो.

किती पडतो, ते लिनक्स कर्नलला, म्हणजे बोर्डावरच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, माहीत असतं. या चिपच्या डिव्हाइस-ट्रीत (चिपची माहिती कर्नलला देणाऱ्या फाइलीत) एकाच मेगाहर्ट्झमागे ए७२ची ताकद १०२४ आणि ए५३ची ४८५ अशी नोंद आहे. आमच्या बोर्डावर ए७२ १८०० मेगाहर्ट्झपर्यंत जातो, ए५३ १४१६ पर्यंत. दोन्ही धरून हिशोब केला तर थोरल्याची कपॅसिटी, म्हणजे एकूण ताकद, १०२४ आणि धाकट्याची ३८१ भरते. पुढचं सगळं या दोन आकड्यांवर उभं आहे, म्हणून ते लक्षात ठेवा.

जुन्या आवृत्तीत साफसफाईचं काम ओपनएमपीने (काम कोअरमध्ये वाटून देणाऱ्या सोयीने) सहा सारख्या वाट्यांत विभागलं जायचं. सहा मजूर, सहा सारख्या ओळी, निंदायला. त्यातले दोघे जवान, चौघे वयस्क. जवान आपली ओळ संपवून बांधावर बसणार आणि शेवटचा म्हातारा येईपर्यंत थांबणार. इथे थोरले कोअर एकूण वेळाच्या ३७ टक्क्यांत आपला वाटा उरकत होते आणि उरलेले ६३ टक्के वाट पाहत होते. ती वाट पाहणंही झोपून नाही. धागे, म्हणजे प्रोग्रामची एकाच वेळी चालणारी कामं, लवकर जागे व्हावेत म्हणून आम्हीच पूर्वी कधीतरी "सक्रिय प्रतीक्षा" लावून ठेवली होती, म्हणजे कोअर रिकाम्या लूपमध्ये गरगर फिरत राहतो. कोअर किती गुंतलेत ते दाखवणारं 'टॉप' उघडलं की सहाही कोअर १०० टक्के. बघणाऱ्याला वाटावं, काय राबतंय यंत्र!

नव्या आवृत्तीत दोन बदल होते. पहिला: सारखे वाटे बंद करून छोटे तुकडे करायचे, ज्याचं संपलं त्याने पुढचा तुकडा उचलायचा. दुसरा: निर्णयाचे तीन धागे, एका फोटोला एक, दोन थोरल्या कोअरना बांधून टाकायचे. पूर्वी ते कुठेही चालायचे, आणि तिघांपैकी एक धाकट्यावर गेला की बाकी दोघे त्याच्यासाठी अडायचे. हा दुसरा बदल माझा. हे आधीच सांगितलेलं बरं.

पहिला संशय चुकीच्या माणसावर

दादांच्या फोननंतर आम्ही जुनी आवृत्ती परत टाकली आणि मशीन सुधारली. म्हणजे दोष नव्या आवृत्तीत, एवढं ठरलं. दोन बदलांपैकी सहकाऱ्याचा बदल मोठा होता, बऱ्याच फाइलींना हात लागला होता, तुकडे उचलण्यासाठी सामायिक रांग आली होती. माझा बदल म्हणजे चार ओळी. मी लगेच म्हटलं, रांगेवर कुलूप आहे, कोअर एकमेकांना अडवत असतील. तोही बिचारा मान्य करून बसला.

आम्ही त्याच्या कोडवर तीन दिवस घालवले. परफ हे लिनक्सचं मोजणीचं साधन लावून पाहिलं तर आणखी गोंधळ झाला. निर्णयाच्या पायरीत नव्या आवृत्तीत सूचनांची, म्हणजे कोअरने पार पाडलेल्या आज्ञांची, संख्या जवळपास नाहीशी झालेली! काम तेवढंच, उत्तरं तीच, मग सूचना गेल्या कुठे? गेल्या नव्हत्या. अशा चिपवर ए५३ आणि ए७२ यांचे मोजणी-विभाग वेगळे असतात. आम्ही नुसतं "सूचना मोज" म्हटलं होतं, आणि आमच्या कर्नलवर ती मोजणी एकाच विभागावर उघडली गेली, धाकट्यांच्या. धागे थोरल्यांवर गेले तेव्हा मोजणारा बाजूला बसून होता. गावात एकाच वेशीवर जकात नाका ठेवायचा आणि दुसऱ्या वेशीतून गाड्या गेल्या की म्हणायचं, यंदा व्यापार बसला.

उपाय सोपा आहे: दोन्ही विभागांवर नावानिशी वेगवेगळी मोजणी लावायची आणि बेरीज करायची. पण त्यातही एक खाच आहे. दोन्ही प्रकारच्या कोअरमध्ये सायकल मोजणारा एक आणि इतर घटनांसाठी सहा असे मोजकेच काउंटर असतात. त्याहून जास्त घटना मागितल्या की परफ त्या पाळीपाळीने मोजतो आणि चालू राहिलेल्या वेळेवरून एकूण आकडा ताणून सांगतो. काही मिनिटं चालणाऱ्या प्रोग्रामला हे ठीक. आमची पायरी पन्नास-शंभर मिलिसेकंदांची, त्यात कोअर बदलणारी. तिथे ताणलेला आकडा म्हणजे अंदाजपंचे. आम्ही एका फेरीत सहाच्या वर घटना घ्यायच्या नाहीत हा नियम तेव्हापासून केला.

ग्राफिक्स प्रोसेसरनेही एक दिवस खाल्ला. रंगदुरुस्तीचं काम आम्ही ओपनसीएलने (ग्राफिक्स प्रोसेसरकडून काम करून घेण्याच्या सोयीने) मालीला देतो. काम देणारी हाक लगेच परत येते, काम मागे चालू राहतं. आमचं घड्याळ हाकेच्या अलीकडे-पलीकडे होतं, म्हणून रंगदुरुस्ती फुकट झाल्यासारखी दिसायची आणि तिचा वेळ पुढच्या, निकालाची वाट पाहणाऱ्या पायरीच्या नावावर चढायचा. ओपनसीएलच्या स्वतःच्या घटना-वेळा वापरल्यावर हे सुटलं, पण मूळ प्रश्न होता तिथेच राहिला.

काकूंचं निरीक्षण

ग्रेडरच्या शेवटी एक काकू उभ्या असतात. मशीनने चुकवलेलं फळ हाताने उचलून योग्य कॅरेटमध्ये टाकणं हे त्यांचं काम. मशीन कधी चुकते हे आमच्या सगळ्या लॉगपेक्षा त्यांच्या पाठीला जास्त माहीत. मी विचारलं, काकू, हे दिवसभर होतं का?

"नाई ना भाऊ. सकाळी बरी चालते. दोन वाजले का तिले झापड येते. जेवाची सुटी झाली, आम्ही परत आलो, का धा-पंधरा मिनिटं पुन्हा बरी. मंग थेच. माणसावानीच हाय थे."

मी हसलो आणि मग हसू थांबलं. सुटीत पट्टा बंद असतो. बोर्ड रिकामा. रिकामा बोर्ड थंड होतो.

रात्रीच्या चाचण्यांचा बोर्ड कुठे होता? वरुडमधल्या आमच्या खोलीत, टेबलावर, उघडा, वर छोटा पंखा. आणि चाचणी रात्रीची, कारण रात्री वीज टिकते आणि दिवसा बोर्ड आम्हाला कामाला लागतो. शेडमधला बोर्ड मात्र धूळ आणि वॅक्सिंगचा ओलावा आत जाऊ नये म्हणून बंद डब्यात, पंख्याशिवाय, टिनाखाली. डबा तितकंच काम करत असेल तर बाहेरची हवा वीस अंशांनी तापली की आतली चिपही जवळपास तेवढीच वर जाते. हे कळायला अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. दोन पदव्या असूनही आम्हाला ते तीन दिवस सुचलं नाही.

या चिपच्या मूळ डिव्हाइस-ट्रीत ७० अंशांना कर्नल आधी थोरल्यांची फ्रिक्वेन्सी उतरवायला लागतो, ७५ च्या पुढे धाकट्यांनाही हात घालतो, आणि ९५ ला चिप वाचवण्यासाठी सगळं बंद. थोरल्याच्या पायऱ्या अशा: १८००, १६०८, १४१६, १२००, १००८, ८१६, ६००, ४०८. आता मघाचा आकडा घ्या. १८०० ला थोरल्याची कपॅसिटी १०२४. १००८ ला ५७३. ८१६ ला ४६४. आणि ६०० ला ३४१. धाकट्याची आहे ३८१. म्हणजे एप्रिलच्या दुपारी थोरला धाकट्यापेक्षा हळू चालतो, आणि मी निर्णयाचं सगळं काम नेमकं त्याच्याच गळ्यात बांधलेलं.

स्वयंचलित चाचणी, दुसऱ्यांदा

आमची जुनी चाचणी स्वयंचलित होती, यात शंका नाही. रोज रात्री नवं कोड घ्यायचं, हजार फळांचे साठवलेले फोटो चालवायचे, वेळेची सरासरी काढायची, कालच्यापेक्षा वाढली तर मेल पाठवायची. तिच्यात स्वयंचलित होतं ते फक्त स्टॉपवॉच. कोणत्या कोअरवर, किती फ्रिक्वेन्सीला, किती तापमानात हा आकडा आला, हे ती लिहीतच नव्हती. एकसारखे कोअर असलेल्या आणि थंड खोलीत ठेवलेल्या सर्व्हरवर ते खपतं. इथे तोच आकडा थोरल्याचा की धाकट्याचा, सकाळचा की दुपारचा, यावर अर्थ बदलतो.

नव्या चाचणीत प्रत्येक पायरीच्या सुरुवातीला आणि शेवटी वेळेबरोबर कोअरचा क्रमांकही नोंदवतो. शून्य ते तीन धाकटे, चार आणि पाच थोरले. फ्रिक्वेन्सी बदलली की कर्नलच्या ट्रेसमधून नोंद येते. तापमान सेकंदाला एकदाच वाचतो. दर फळाला वाचू लागलो तर मोजणं हेच एक काम होऊन बसतं, आणि तेही त्याच कोअरच्या वेळातून जातं.

खरा प्रश्न होता उन्हाळ्याचा. चाचणीला दुपार कुठून आणायची? बोर्ड शेडमध्ये ठेवायचं ठरवलं असतं तर रोजचं हवामान वेगळं, दोन दिवसांचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. हिटर लावणं म्हणजे पुन्हा तेच. सहकाऱ्याने सुचवलं ते सगळ्यात नेटकं: उष्णता काय करते, फ्रिक्वेन्सी उतरवते. मग आपणच उतरवू. कर्नलमध्ये कमाल फ्रिक्वेन्सीची मर्यादा हाताने लावता येते. थोरल्यांना १८००, १४१६, १००८, ८१६ आणि ६०० अशा पाच मर्यादा लावायच्या आणि प्रत्येकीत तेच काम चालवायचं. गंमत अशी की उन्हाळ्याची ही चाचणी नीट व्हावी म्हणून बोर्ड पंख्याखाली अगदी थंड ठेवावा लागतो, नाहीतर आपण लावलेल्या मर्यादेच्या खाली खरी उष्णता आणखी ओढते.

दोन बदल, त्यांच्या चार जोड्या, पाच मर्यादा: वीस घरांचा तक्ता. प्रत्येक घर अनेकदा, आणि क्रम दर वेळी पत्ते पिसल्यासारखा. आधी सगळी जुनी, मग सगळी नवी असं चालवलं तर खोली तापण्याचा दोष नेमका नव्याच्या माथी येतो. तुलना सरासरीने नाही, मधल्या मूल्याने, आणि फरक खरा की योगायोगाचा हे मान-व्हिटनीच्या क्रम-चाचणीने. १९४७ ची ही पद्धत आकड्यांचा फक्त लहान-मोठा क्रम पाहते, म्हणून एखादी वीजझटक्याची फेरी सगळं चित्र बिघडवत नाही. आणि अंतिम निकष बदलला. नवी चाचणी लिहिताना सुरुवातीला आम्ही सगळ्यात हळू एक टक्का फळांचा वेळ पाहायचो. पण एखादं हळू फळ चालतं, उधारी चालत नाही. आता चाचणी पट्ट्यासारखी दर २०० मिलिसेकंदांनी फळ सोडते आणि उधारी कमाल किती चढली ते सांगते.

तक्त्यात काय निघालं

खालचे आकडे मी कपॅसिटीच्या हिशोबाचे देतो, म्हणजे कोणालाही कागदावर पडताळता येतील. प्रत्यक्ष मोजमाप थोडं वर-खाली होतं, पण क्रम हाच आला. हिशोबात धाकटे पूर्ण वेगाने चालतात असं धरलं आहे.

जुनी आवृत्ती, थंडीत: साफसफाई १००, निर्णय ८०, एकूण १८० मिलिसेकंद. नवी, थंडीत: साफसफाई ६४, निर्णय ४५, एकूण १०९. जानेवारीत टेबलावर आम्ही हेच पाहिलं आणि खूश झालो. आता थोरले ६०० वर उतरवा. नवी आवृत्ती: १०४ आणि १३४, एकूण २३८. पट्टा २०० देतो. प्रत्येक फळामागे ३८ ची उधारी. जुनी आवृत्ती त्याच उन्हात: ११२ आणि ८०, एकूण १९२. जेमतेम, पण आत.

जुनी का तगली, हे मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात रंजक वाटतं. ती तापत नव्हती असं नाही. थोरले ६३ टक्के वेळ गरगर फिरत होते, म्हणजे तापणं भरपूर. पण तिचा वेग ठरवायचे धाकटे. थोरले तीनपट मंद झाले तरी ते आता धाकट्यांच्या थोडेच मागे पडले, एवढंच. तिच्या वाईट रचनेनेच तिला उन्हापासून झाकलं होतं. मागच्या वर्षी दादांचा एप्रिल निघाला तो असा, आमच्या चुकीच्या कृपेने.

मग दोन्ही बदल वेगळे केले. नुसते तुकडे, बांधणी नाही: उन्हात १०४ अधिक ८०, म्हणजे १८४. जुनीपेक्षाही बरी! नुसती बांधणी, तुकडे नाहीत: ११२ अधिक १३४, म्हणजे २४६. सगळ्यात वाईट. सहकाऱ्याचा तीन दिवस उलटापालटा केलेला बदल निर्दोष, आणि माझ्या चार ओळी दोषी.

बांधणी कुठपर्यंत फायद्याची, तेही तक्ता सांगतो. मोकळे तीन धागे चालतात तेव्हा वेळ ठरतो एका धाकट्यावर: तीन गुणिले ३८१, म्हणजे ११४३. बांधलेले असताना दोन थोरले. बरोबरी व्हायला एकेका थोरल्याची कपॅसिटी सुमारे ५७२ हवी, म्हणजे जवळजवळ १००८ मेगाहर्ट्झ. त्याच्या वर बांधणी जिंकते, खाली हरते. ८१६ वर ती मोकळ्या धाग्यांच्या मागे पडली होती, तरी एकूण बेरीज १९२ वर राहून काम भागत होतं, म्हणून मार्चमध्ये कोणाला काही जाणवलं नाही. शेडमधल्या लॉगमध्ये नंतर पाहिलं तर दुपारी फ्रिक्वेन्सी १००८, ८१६, ६०० अशी खाली-वर डोलत होती. काकू ज्याला झापड म्हणत होत्या ती ६०० ची पायरी.

खरं तर शेड्यूलरला, म्हणजे कोणता धागा कोणत्या कोअरवर चालवायचा ते ठरवणाऱ्या कर्नलच्या भागाला, हे सगळं माहीत होतं. लिनक्स ५.० मध्ये, २०१९ साली, ऊर्जेचा विचार करणारं शेड्यूलिंग आलं, आणि २०२० च्या ५.७ पासून उष्णतेमुळे एखाद्या कोअरची ताकद किती घटली हेही तो धरतो. धागे मोकळे असते तर त्याने ते धाकट्यांकडे नेले असते. मी दोरी बांधून ठेवली होती.

एक गोष्ट पुढे फार कामाची ठरली. बांधलेल्या प्रत्येक पायरीचा वेळ आणि एक भागिले मर्यादा यांचा आलेख चाचणी स्वतः काढते आणि वेळेचे दोन भाग करते: एक स्थिर, दुसरा फ्रिक्वेन्सीच्या उलट्या प्रमाणात वाढणारा. स्थिर भाग मोठा असेल तर ती पायरी मेमरीची किंवा कॅमेऱ्याची वाट पाहते आहे. तिला थोरला कोअर देणं म्हणजे बैलबंडीला रेसचा बैल जुंपणं. फोटो आत ओढण्याची पायरी अशी निघाली, रेघ जवळजवळ आडवी. निर्णयाची रेघ मात्र सरळ चढती. मोकळ्या धाग्यांवर ही वाटणी करू नये, कारण तिथे मर्यादा उतरली की धागे जागा बदलतात आणि आलेख मधेच वाकतो. आम्ही आधी केली होती, आणि मेमरीवर अडलेली नसलेली पायरी तशी दाखवून एक संध्याकाळ वाया घालवली.

गिट बायसेक्ट, म्हणजे कोडमधल्या नोंदलेल्या बदलांपैकी (कमिटपैकी) दोषी कोणता ते शोधणारं साधन, तेही आता या तक्त्यावरून चालतं. गंमत पाहा: १८०० वर चालवलं तर त्याला दोषी कमिट सापडतच नाही, उलट माझी बांधणी त्याला सुधारणा वाटते. ६०० ची मर्यादा लावली, उधारीचा निकष दिला, आणि काही फेऱ्यांत ते थेट माझ्या नावाच्या कमिटवर येऊन थांबलं. सहकारी काही बोलला नाही. चहा मात्र मीच आणला.

दुरुस्ती

बांधणी काढली, तुकडे ठेवले, सक्रिय प्रतीक्षा बंद करून धाग्यांना झोपू दिलं. थंडीत १०९ चे १४४ झाले. जानेवारीच्या टेबलावर ही पिछेहाट दिसली असती आणि जुन्या चाचणीने लाल दिवा लावला असता. उन्हात १८४.

दुसरी दुरुस्ती पान्याची. बोर्डाचा डबा ज्या खांबावर होता, त्याच्या पलीकडेच फळ वाळवणारा गरम हवेचा ब्लोअर. केबल आखूड पडत होती म्हणून पहिल्या वर्षी तिथे बसवलेला, आणि मग कोणी हलवला नाही. दादांनी स्वतः नवी केबल आणली, डबा उत्तरेच्या भिंतीला नेला. "हे तर तुम्ही पयल्या दिवशी विचारलं असतं तरी सांगितलं असतं," ते म्हणाले. नव्या जागी फ्रिक्वेन्सी क्वचितच १००८ च्या खाली गेली. म्हणजे डबा आधी हलवला असता तर माझी बांधणी चालून गेली असती, आणि ती तशीच राहिली असती.

हंगामाचे शेवटचे नऊ दिवस मशीन त्या अवस्थेत चालली. काकूंनी दुपारच्या चुका खडूने कॅरेटवर मोजायच्या सोडून दिल्या.

एक घर अजून रिकामं आहे. ७५ अंशांच्या पुढे धाकट्यांचीही फ्रिक्वेन्सी उतरते, ते आमच्या तक्त्यात नाही. तिथे १८४ वर फक्त १६ मिलिसेकंदांची जागा उरते, धाकटे एखादी पायरी उतरले तर ती जाते. धाकट्यांच्या चार मर्यादा जोडल्या की वीसची ऐंशी घरं होतात, आणि ती एका रात्रीत बसत नाहीत. दर रात्री त्यातली काही निवडून, उधारी काठावर असलेली आधी, असं सध्या चाललं आहे. आंबिया बहाराचा माल थंडीत येतो, त्यामुळे पुढच्या मृगापर्यंत वेळ आहे. शेडमधला डबा मात्र दादांनी मे महिन्यातही चालू ठेवू दिला आहे, रिकाम्या पट्ट्यावर साठवलेली फळं मोजत.